फ्रिजमधला काळोख

साखर कारखान्यात एकेचाळीस वर्षं फिटर म्हणून काढून प्रेबेन मे महिन्यात निवृत्त झाला, आणि त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं. तसा तो बोलका कधीच नव्हता. म्योन बेटावरची माणसं शब्द जपूनच खर्च करतात. पण निदान जेवताना कुठला पंप बसला, फोरमन कुणावर उखडला, एवढं तरी सांगायचा. आता नुसतं "हं". त्याची बायको बोडिल हिला वाटायला लागलं होतं की आपण एका सज्जन कपाटाबरोबर संसार करतोय.

म्हणूनच त्याने एक जुना कॅमेरा आणि ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरणारं एक यंत्र विकत आणलं, तेव्हा तिने किंमतसुद्धा विचारली नाही. आकाशाचे फोटो काढणार म्हणाला. काढ बाबा. ऑक्टोबरात त्याने अंगणात तासभर कुडकुडत फोटो काढले, तेही भिंगावरचं झाकण न काढता! सगळे काळेकुट्ट. पुढचे तीन आठवडे घरात "हं"सुद्धा ऐकू आलं नाही. मग परवा म्हणाला, "या वेळीही फसलं तर विकून टाकतो सगळं. आपलं काम नव्हे हे."

नोव्हेंबरातलं आभाळ काल कधी नव्हे ते निवळलं. पाचलाच मिट्ट काळोख झाला आणि प्रेबेन जो बाहेर गेला, तो जेवायलाही आत आला नाही.

सकाळी तो घोरत असताना बोडिलने चोरून कॅमेरा उघडला. पहिल्या चाळीस फोटोंत बारीक बारीक ठिपके होते, म्हणजे तारेच असणार. शेवटचे पंचवीस मात्र काळेकुट्ट. पुन्हा झाकण! आता हा जन्मभर तोंड उघडायचा नाही. तिने पंचवीसच्या पंचवीस फोटो पुसून टाकले आणि साळसूदपणे कॉफी करायला घेतली.

प्रेबेन उठला, त्याने कॅमेरा संगणकाला जोडला आणि ओरडला, "काळे कुठे गेले?"

"कोण काळे?"

"शेवटचे पंचवीस!"

बोडिलला खोटं बोलता येत नाही, तिचे कान लाल होतात. "मी पुसले. तू परत झाकण विसरलास ना. म्हटलं, तुला कळायलाच नको."

"अगं, मुद्दाम लावलं होतं झाकण! कॅमेरा आपल्या पदरचे लाल-निळे ठिपके घुसडतो फोटोत. झाकण लावून काढले की फक्त तेच ठिपके येतात. मग संगणक ते खऱ्या फोटोंतून वजा करतो. आकाशनिरीक्षणाच्या क्लबातल्या आस्गरने शिकवलं मला."

"मग मला सांगायला काय झालं होतं? सहा महिन्यांत सहा वाक्यं बोलला नाहीस तू! मला काय स्वप्न पडणार होतं?"

आता हा चिडणार, असं वाटत असतानाच तो हसायला लागला, पोट धरून. "चुकून काळे निघाले तेव्हा मी रडायचा बाकी होतो. आणि मुद्दाम काढले, तर तू पुसलेस!"

"मग परत काढ."

"ते ठिपके थंडीप्रमाणे बदलतात, त्यामुळे कालच्याइतकीच थंडी लागते. काल चार डिग्री होतं."

बाहेर उबदार वारा सुटला होता आणि पाऊस लागला होता. बोडिलची नजर फ्रिजवर गेली. "चार डिग्रीत तर माझे हेरिंग मासे बसलेत."

हेरिंगची बरणी बाहेर आली, झाकण लावलेला कॅमेरा पिशवीत गुंडाळून आत गेला. "दोन-दोन मिनिटांचे पंचवीस. पन्नास मिनिटं दार उघडायचं नाही," प्रेबेनने बजावलं.

दूध आतच राहिलं. दोघं फ्रिजसमोर खुर्च्या टाकून काळी कॉफी पीत बसले. दर दोन मिनिटांनी आतून बारीक खट्ट व्हायचं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून प्रेबेन सांगायला लागला. काल रात्री देवयानी दीर्घिका कशी सापडली, तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं चालून आपल्या अंगणात कसा आला. मग म्हणाला, "या दिवसांत कारखान्यात बीटचा हंगाम जोरात असतो. रात्रपाळीतला भोंगा आता कानावर पडत नाही गं. झोपच लागत नाही मला." बोडिलने त्याचा हात धरला. तिला खूप बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

आतलं खट्ट थांबलं. प्रेबेन उठायला लागला.

"पंचवीस पुरतात का रे?" तिने विचारलं.

"पुरतात. जास्त असले तर चांगलंच."

"मग अजून पंचवीस घे," बोडिल म्हणाली आणि तिला मुळीच न आवडणारी काळी कॉफी तिने पुन्हा दोन्ही कपांत ओतली.