'नको'च्या शेजारचा कंस

ताईने वरच्या बाणाची कळ दाबली आणि पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत 'नको' उमटलं.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा 'नको'. वरचा बाण म्हणजे 'हो', हे तिनेच ठरवलेलं, प्रोग्रामही तिनेच लिहिलेला. पलंगावरच्या आडव्या टेबलावर लॅपटॉप होता, त्यामागे बाबा डोळे मिटून पडले होते आणि पलीकडच्या खोलीत भावाची मुलं हातात एकेक फोन घेऊन कसलेसे व्हिडिओ बघत दंगा करत होती. 'नको'च्या शेजारी, जिथे टाइप केलेली अक्षरं दिसतात तिथे, आणखी काहीतरी आलं होतं. एक चौकोनी कंस आणि इंग्रजी ए. [A.

"आई, हे काय येतं इथे?"

आई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली.

"ते होय? येतं कधी कधी. घरात पाहुणे आले की हटकून. माणसं जमली की चिडतात ना ते."

ताईने पुन्हा त्या कंसाकडे पाहिलं.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांच्या हुकमतीत उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं होतं. वाचा गेली होती. डोळ्यांतून सारखं पाणी येई, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांवरूनही कुणाला काही कळत नसे. एवढ्याशा बोटाचं बोलणं व्हावं म्हणून ताईने हा प्रोग्राम केला. काळा पडदा, मोठी अक्षरं, बाकी काही नाही. वरचा बाण म्हणजे 'हो', कोपऱ्यातली एस्केपची कळ म्हणजे 'नको', आणि माउसचं बटण दाबलं की 'जवळ या'. प्रोग्राम चाले तो तिच्या शहरातल्या मशीनवर, म्हणजे तिथे बसूनच तिला दुरुस्ती करता येई. बाबांनी इथे दाबलेली कळ इंटरनेटवरून तिकडे जाई आणि उत्तर घेऊन परत येई. ताईला त्याचा केवढा अभिमान होता. ऑफिसात चारचौघांना तिने कौतुकाने सांगितलंही होतं.

त्या अभिमानात एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. अशा काळ्या पडद्यावर बाणाची कळ एकटी येत नाही. आधी एस्केपचा इशारा येतो, त्याच्या मागोमाग कंस, मग अक्षर. माउसचंही तसंच, फक्त त्याच्या मागे आकडे येतात. म्हणून एस्केप आला की प्रोग्रामने क्षणभर थांबून बघायचं असतं, मागून आणखी कुणी येतंय का. कुणी आलं तर तो बाण, कुणीच आलं नाही तर तो खरा एस्केप. हे थांबणं ताईने अगदी नावापुरतं ठेवलं होतं. माणूस आधीच अडकून पडलाय, त्याला यंत्रानेही ताटकळत का ठेवावं, असा तिचा हिशेब. घरात पाहुणे आले की सगळ्यांचे फोन त्याच इंटरनेटला जोडले जातात, जोडणी मंदावते आणि मागून येणारी मंडळी उशिरा पोचतात, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. त्यांची वाट न बघता प्रोग्राम 'नको' म्हणून मोकळा होत होता, आणि उशिरा आलेला कंस आणि अक्षर शेजारी नुसतेच उमटत होते.

आणि अण्णा आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोघांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा गिऱ्हाइकांसमोर अण्णा बोलून गेले, "दुकानाचं डोकं मी. हा नुसता हात." बाबांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला आणि घरी निघून आले. त्यानंतर दोघे एकमेकांच्या दारात उभे राहिले नाहीत. कित्येक वर्षांनी, बाबा आजारी पडल्यावर, अण्णा मुलानातवंडांसह आले. ताई तेव्हा इथे नव्हती, पण आईने फोनवर थोडक्यात सांगितलं होतं. अण्णा उंबऱ्यात थांबले. आईने बाबांना विचारलं, "अण्णांना आत बोलवू?" पडद्यावर 'नको' आलं. आईने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा, जोर लावून. प्रत्येक वेळी 'नको', आणि त्याच्या शेजारी ए. एरवी त्या अक्षराकडे कुणी लक्ष देत नसे, पण त्या दिवशी इंग्रजी ए म्हणजे अण्णा, हे तिथल्या लहान मुलांनाही कळलं. नाव घेऊन सांगितलेलं 'नको' होतं ते. अण्णा उंबऱ्यातूनच मागे वळले.

त्या दिवसापासून बाबांनी कळ दाबणंच सोडलं होतं. घरचे म्हणाले, रुसलेत. डॉक्टर मात्र म्हणाले होते की बोटातली ताकदही कमी होत चालली आहे, तेव्हा काय विचारायचं ते विचारून घ्या.

ताई स्टुलावर बसली. तिने बाबांचा हात हातात घेतला.

"बाबा, तुम्ही 'हो' म्हणत होतात ना? अण्णांना?"

बाबांनी डोळे उघडले. त्यातून पाणी वाहत होतं, नेहमीसारखंच.

"चूक माझी आहे, बाबा. तुमचं ऐकायला मी पुरेशी थांबले नाही."

आईच्या हातातली चादर तशीच राहिली.

प्रोग्राम त्या लॅपटॉपवरच आणून ठेवायला ताईला फार वेळ लागला नाही. थांबण्याची वेळही तिने ऐसपैस करून टाकली. आता 'नको' यायला जरा वेळ लागणार होता. मग ती गॅलरीत गेली आणि तिने अण्णांना फोन लावला. घंटा वाजत असताना तिला वाटलं, उचलला नाही तर बरं होईल.

"अण्णा, मी बोलतेय. त्या दिवशी पडद्यावर जे आलं ना, ते बाबांचं नव्हतं. माझ्या प्रोग्रामची चूक होती. बाबा 'हो' म्हणत होते."



"माझं नाव होतं त्यात," अण्णा म्हणाले.

"तो ए तुमचा नव्हता, अण्णा. वरच्या बाणाचा होता. 'हो'चाच."

"तीनदा 'नको' आलं, पोरी. मी या डोळ्यांनी वाचलंय."

"तीनदा 'हो' म्हणाले ते."

फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा एकटेच आले आणि उंबऱ्यात, मागच्या वेळी थांबले होते तिथेच थांबले. चप्पलही काढली नव्हती.

"विचार त्याला," ते म्हणाले.

"बाबा," ताईने विचारलं, "अण्णा आलेत. आत येऊ देत?"

बोट हललं नाही. पडदा काळाच राहिला. आईने पदर तोंडाशी धरला. बोट कळेवर नुसतं टेकलं होतं, त्याला खाली जाता येत नव्हतं. ताईला ते धरून दाबावंसं वाटलं, इतकं की तिने आपले हात पाठीमागे घेतले. मग बोट थरथरलं, खाली गेलं आणि पडद्यावर आलं, 'हो'.

अण्णांनी चप्पल काढली. सरळ आत येऊन ते पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग कळांवर पडलेल्या त्या हाताकडे. एके काळी हाच हात डोळे मिटून अख्खं मशीन खोलत असे.

"धाकट्या," ते पुढे वाकले. "त्या दिवशी दुकानात मी जे बोललो..."

बाबांचं बोट सरकायला लागलं. बाणावरून निघालं, हळूहळू कळांवरून घसटत कोपऱ्यापर्यंत गेलं. अण्णा बोलायचे थांबले. कळ दाबली गेली. पडद्यावर काहीच आलं नाही, कारण प्रोग्राम थांबून बघत होता, मागून आणखी कुणी येतंय का. कुणी आलं नाही.

'नको.'

ताईने धसकून शेजारची जागा पाहिली. कंस नव्हता. अक्षर नव्हतं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"हे यंत्राचं की त्याचं?"

"त्यांचं," ताई म्हणाली.

अण्णांनी बाबांकडे पाहिलं.  त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. मग खुर्ची आणखी पुढे ओढून त्यांनी तो हात कळांवरून उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.

"चहा टाका," ते आईला म्हणाले. "मी थांबणार आहे."