पिकायच्या आधी

“शर्टाची बटणं काढा, दादा. सगळी!” सिस्टर म्हणाल्या आणि केळीवाल्याची धांदल उडाली.

आज बाळ पहिल्यांदाच काचेच्या पेटीतून बाहेर येणार होतं, थेट बापाच्या छातीवर! आईचे टाके ओले, तिला उठता येत नव्हतं, म्हणून पहिला मान त्याचा. बाजारात खोल्या भरभरून केळी पिकवणारा हा गडी. एकदा माल पिकायला ठेवून खोली बंद केली की दार उघडून डोकावणाऱ्या हमालावर खेकसायचा, आणि इथे स्वतः दिवसभर काचेला नाक लावून उभा. बाप झाला की शहाणपण गेलं चुलीत!

बटणं काढता काढता त्याने एकदाचं विचारलं, “सिस्टर, हसू नका. हा प्रीमॅच्युअर... बरा होतो ना हो? डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. बायकोला बोललो नाही.”

“अहो, रोग कसला! जुन्या लॅटिनमधून इंग्रजीत आलेला शब्द आहे. शाळेत बाईंनी सांगितलेलं. प्री म्हणजे आधी, मॅच्युअर म्हणजे पिकलेलं. वेळेआधी पिकलेलं फळ.”

“फळ?” तो ताडकन उठला. “मग साफ चुकलाय तुमचा शब्द! वेळेआधी पिकलाय कुठे? पिकायच्या आधी उतरवलाय! आमचा सगळा माल असाच येतो, हिरवागार. ऊब द्यायची, घाई करायची नाही, बस्स!”

“मग आपण तरी इथे दुसरं काय करतोय? बसा खाली.”

नळ्यांसकट ते इवलंसं ऊबदार अंग छातीवर आलं. त्याला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. पण श्वाससुद्धा त्याने जपून घेतला.

तेवढ्यात चाकांच्या खुर्चीतून बायकोला आणलं. तिने हात पुढे केले, बाळ गाढ झोपलेलं पाहून मागे घेतले.

“असू द्या तुमच्याकडेच.”

“अगं, रोग नाहीये हा!” तो कुजबुजला. “नुसता कच्चा आहे!”

ती बघतच राहिली. “म्हणजे... तुम्हालाही तसंच वाटत होतं?”

“तुलाही?”

“तुम्ही खचाल म्हणून बोलले नाही.” ती हसायला लागली, टाके ओढले तशी कळवळली, आणि मग रडूच कोसळलं तिला.

सलाईनची सुई चिकटवलेला हात तिने बाळाच्या पाठीवरच्या त्याच्या हातावर ठेवला, अगदी हलकेच.