दारात द्यायचा आवाज

पेटी वाजवताना जयवंताच्या बोटांना कधी घाम फुटला नव्हता. आज पेटी उघडायच्या आधीच फुटला. कारंजा गावाजवळच्या त्या कुडाच्या देवळात, क्रुसाखाली, त्याची थोरली बहीण रुखमाबाई नव्या लुगड्यात निजवलेली होती. आई गेल्यावर हिनंच त्याला भाकर चारून वाढवलं होतं.

मरायच्या आदल्या दिवशी तिनं त्याच्याकडून वचन घेतलं. "माह्या मातीच्या येळी ते आलेलुयाचं गाणं म्हणजो. देवाच्या दारात मुकी कशी उभी राहू? आवाज द्या लागते नं, आली म्हणून."

तिला आलेलुया हा देवस्तुतीचा शब्द म्हणजे साहेबाच्या भाषेतलं 'आली' वाटायचं. बायका शेजारणीच्या दारात देतात तो आवाज. बारा वर्षं ती तसंच समजून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायली. जयवंतानं तिची चूक कधी सुधारली नाही. सुधारायची तरी कशाला?

पण नागपूरहून आलेल्या फादरनी सकाळीच बजावलं. तो आनंदाचा शब्द, मयतात चालत नाही. गायलास तर मी कबरीवर आशीर्वादाचं पाणी न शिंपडता परत जाईन.

बिनआशीर्वादाच्या मातीत बहीण! आणि मरणाऱ्याला दिलेलं वचन मोडलं तर ते माणूस देवाच्या उंबऱ्याबाहेर अडकतं, हे त्यांच्या गोंडांच्या घरात लेकरालाही ठाऊक. बाप्तिस्म्यानं धर्म बदलला होता, भीती कुठे धुतली गेली? इकडे आड, तिकडे विहीर. रुखमाबाईचे यजमान पुनाजी भाऊजी तर त्याच्या तोंडाकडेच बघत होते. जयवंतानं मान खाली घातली आणि मयताचं लॅटिन गाणं अक्षर न चुकता म्हटलं. भित्रा कुठला!

कबरीपाशी फादरनी पाण्याचं भांडं हातात घेतलं. पाणी पडल्यावर बोललं असतं तर धोका नव्हता. पण तोवर ती देवाच्या दारात पोचली असती, मुकी. सूर नाही, पेटी नाही, जयवंत नुसता बोलला.

"आली जी. रुखमाबाई आली."

फादरचा हात थांबला. "तू गायलास?"

"गायलो नाई, फादर. बोललो. तिले आता बोलता येत नाई."

फादरनी कबरीकडे पाहिलं. मग त्यांनी पाणी शिंपडलं. जयवंतानं भाऊजींचा हात घट्ट धरला, आणि सकाळपासून भीतीपायी राहून गेलेलं रडू त्याला तेव्हा आलं.