शमुएलचा डबा

ताट उलटं झालं आणि जिलबीचा पाक माझ्या पायावर सांडला. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. माझ्यासमोर ताट उलटं करायची कोणाची छाती झाली नव्हती. आणि ही सत्तरीची म्हातारी, अंगावर मूठभर मांस नाही, तिने माझ्या हातातलं ताट ढकलून दिलं!

"आजी, अन्न आहे ते," मी आवाज चढवला. "लोक हौसेने आणून देतात आणि तुम्ही फेकता? पुरे झाले नखरे."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून ती परत आडवी झाली.

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये तेव्हा त्रेचाळीस माणसं होती. डोंगर खाली आला आणि पिंपळमाळ नावाची अख्खी वाडी त्याच्याखाली गेली; उरली ती ही एवढी. बाक एका कोपऱ्यात रचून ठेवले होते, जमिनीवर ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर सतरंज्या. मदतीचा तर नुसता पूर आला होता. कोणी टिकल्यांचा घागरा पाठवला होता, कोणी कोट. बिस्किटांचे पुडे तर इतके, की शेवटी त्यांची थप्पी लावून आम्ही त्यावर औषधं ठेवत होतो. त्या दिवशी उलव्याचा कोणी बांधकामवाला मुलाच्या वाढदिवसाची, हलवायाकडची जिलबी घेऊन आला होता. फोटो काढून झाले, टाळ्या झाल्या, आणि वाढायला पुढे कोण? तर मी. निवृत्त झाले तरी खाज जात नाही ना, लागले होते रोज तिथे जायला.

म्हातारीचं नाव सत्यवती. मुलगा बळीराम, सून, दोन नातवंडं, सगळी गेली. ती स्वतः वाडीच्या टोकाच्या गोठ्यात झोपायची, म्हणून वाचली. चार दिवस झाले होते, तिच्या पोटात काळ्या चहाखेरीज काही नव्हतं. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं होतं, तर तिने सुई उपसून टाकली. त्या दिवशी मी प्रेशर बघितलं आणि मला घाम फुटला. लघवी जवळजवळ बंद. अशी माणसं मी पाहिलेली आहेत. आणखी एक-दोन दिवस, मग काही उपयोग नसतो.

"सिस्टर, जबरदस्ती करू नका," कल्पेश म्हणाला. त्या शिबिराची सगळी व्यवस्था कल्पेश बघायचा. चाळिशीचा, भला माणूस, पण सगळं यादीत बसवणारा. "काउन्सिलर मॅडम परवा येणार आहेत."

"परवा त्या हिच्या फोटोशी बोलतील," मी म्हटलं.

पाय धुऊन आले आणि तिच्याजवळ खाली बसले. माझे गुडघे वाजले. ओरडल्याची लाज वाटत होती, पण माफी मागायची मला सवय नाही. म्हणून ओल्या फडक्याने सांडलेला पाक पुसायला घेतला. तीच बोलली, भिंतीकडे तोंड करून.

"माजा पोरगा मातीखाली हाय, नि तू मना जिलबी देतेस?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आमच्यात मयत झाल्यावर चूल पेटवीत नाय. सोयरं घरून घास आणतात. कडू घास. त्यो खाल्ला का मंग दुसरं अन्न. माज्या घरात चार मयतं झाली. मना कोनी आणला घास?"

"या बाकीच्या बायका..."

"त्यांच्या बी घरात मयतं हायत. त्या कशा देनार? नि माज्या लेकीचं सासर वरच्याच आळीला व्हतं. सोयरं बी तितंच गाडली, नि मी बी मेलेलीच."

मी आजूबाजूला बघितलं. हॉलमधल्या प्रत्येकाला सुतक होतं. ज्यांना लेकरं होती, त्यांनी डोळे मिटून खिचडी गिळली होती. हिला कोणासाठी गिळायची होती?

खरं तर हे मला कळायला हवं होतं, आणि तेच आजही खुपतं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पनवेलमध्ये आता आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पण आमच्यातही हेच आहे. पुरून आल्यावर घरच्यांनी आपलं अन्न खायचं नसतं, पहिलं जेवण दुसऱ्याने आणायचं. डाळ, भाकरी आणि उकडलेलं अंडं. माझे वडील, गर्शोम, गेले तेव्हा शेजारच्या दमयंतीकाकी, कोळीणच त्या, टोपलं घेऊन आल्या होत्या. मी आणि माझा धाकटा भाऊ शमुएल एका ताटात जेवलो होतो. एवढं सगळं माहीत असून मी जिलबी वाढली! इतकी वर्षं शिस्त शिस्त करत काढली आणि अक्कल मात्र गहाण ठेवली.

रिक्षा करून घरी गेले. तांदळाच्या तीन भाकऱ्या भाजल्या, मसुराची डाळ केली, एक अंडं उकडलं. डबा शोधला तर हाताला शमुएलचा लागला. तो कुर्ल्याला कारखान्यात होता तेव्हाचा, दोन पुडांचा, झाकणावर नाव कोरलेलं. इस्रायलला जाताना त्याने बाकी सगळं वाटून टाकलं आणि हा माझ्या हातात ठेवला. "राहू दे गं," म्हणाला, "आलो की लागेल." त्याला बावीस वर्षं झाली. आला एकदाच, तेही चार दिवस.

शाळेच्या फाटकात कल्पेशने मला अडवलं. "सिस्टर, कोणाच्या घरी शिजवलेलं आत न्यायचं नाही. तुम्हीच नियम केलाय." आणि त्याने बोट दाखवलं. फाटकावर खरोखरच माझ्या हस्ताक्षरातला बोर्ड होता, खाली माझी सही.

"नियम बाहेरच्यांसाठी आहे," मी म्हटलं. "मी तिच्या घरची म्हणून आले आहे. हो बाजूला."

तो झाला बाजूला.

मी चपला दारात काढल्या, तिच्यासमोर बसले आणि डबा उघडला. ती उठून बसली. भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू कोन लागतेस माजी?"

सगळा हॉल ऐकत होता. "कोणी नाही," मी म्हटलं. "पण माझ्या घरी सुतक नाही, चूल पेटलेली आहे, आणि हे मी माझ्या हाताने केलं आहे. माझा बाप गेला तेव्हा आमच्याकडे एक कोळीण घास घेऊन आली होती. ती तरी आमची कोण लागत होती?"

मला वाटलं, हिने आता डबा ढकलला तर मी रडेन. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता तिच्या घशातून जो आवाज आला, तो मला सांगता येणार नाही. चार दिवसांत ती पहिल्यांदा रडली. रडत रडत खात राहिली, आणि बाकीच्या बायकाही तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

अंडं तिने उचलून बाजूला ठेवलं. "ह्ये काय?"

"आमच्यात देतात."

"आमच्यात सुतकात अंडं चालत नाय," ती म्हणाली. पण रागाने नाही. ते अंडं तिने माझ्या ओंजळीत ठेवलं. तिचा शेवटचा घास होईपर्यंत मी जागची हलले नाही.

ती जगली. डबा तिच्याकडेच राहिला. पुढे त्या सगळ्यांना विचुंब्याच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. पक्की घरं होणार, होणार म्हणतात, अजून होताहेत. दर गुरुवारी मी तिथे प्रेशर तपासायला जायचे.

"सत्यवतीबाई, माझा डबा?" मी विचारायचे.

"हाय. देईन."

पुढच्या गुरुवारी परत तेच. हाय, देईन. पाच-सहा महिने झाले आणि माझं डोकं सटकलं. कल्पेशला म्हटलं, हिने हरवला असणार किंवा भंगारात घातला असणार, सरळ सांगायला काय होतं? माझ्या भावाचा डबा आहे तो! कल्पेश म्हणाला, "सिस्टर, त्यांना रिकामा परत करायचा नाहीये. मी विचारलं होतं. त्या म्हणतात, घरात आहे ते सगळं वाटपाचं. तुमच्या वाटपातलंच तुम्हाला काय भरून देऊ?"

त्यानंतर मी डब्याचा विषय काढला नाही.

वैशाखात एका सकाळी इस्रायलमधल्या अश्दोदहून तालीचा फोन आला, शमुएलच्या मुलीचा. "आत्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिकडे त्याच दिवशी पुरतात. मी ते फोनच्या काचेवर बघितलं, पांढऱ्या उन्हात माणसं उभी होती, चेहरे काही ओळखू आले नाहीत. "आत्या, तू एकटी आहेस, कोणी आहे का जवळ?" तालीने विचारलं. आहेत ना, मी म्हटलं. कोण असणार होतं? शेजारी सगळे नवे, कामावर गेलेले. त्यांना आमच्यातलं काय माहीत. सिनेगॉगमध्ये हल्ली प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायचे म्हणजे ठाण्याला फोन करावे लागतात. लग्न मी केलं नाही. भाऊ होता, तो गेला.

कल्पेशला कळवलं की उद्याच्या गुरुवारी येणार नाही, आणि कारण सांगितलं. मग चटई टाकून खाली बसले. गॅस पेटवला नाही. आपलं आपण शिजवून खाल्लं तर कोण बघणार होतं? कोणी नाही. तरी हात धजेना. त्या दिवशी पाणी प्यायले. रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठताना भिंत धरावी लागली तेव्हा मनात आलं, रेबेकाबाई, आता तुमचीच लघवी मोजायची वेळ आली.

बेल वाजली. दारात सत्यवती. कल्पेशला पत्ता विचारून, दोन रिक्षा बदलून आलेली, पायात धड चप्पल नाही, पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. ती बसा म्हणायची वाट न बघता आत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. पदराखालून डबा काढला. राखेने घासून घासून तिने तो असा लख्ख केला होता, की झाकणावरचं नाव मला चष्म्याशिवाय वाचता आलं. तिला अक्षरओळख नाही. डबा कोणाचा, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिने झाकण काढलं. नाचणीची भाकरी, डाळ. वरच्या पुडात, फडक्यात गुंडाळलेलं, उकडलेलं अंडं.

"तुमच्यात देतात ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"नाचनी मजुरीची हाय. अंडं माज्या कोंबडीचं. वाटपाचं नाय, शिस्टर. खा."

मी झाकण मांडीवर ठेवलं आणि भाकरी मोडली. ती समोर बसून राहिली, माझा शेवटचा घास होईपर्यंत.