कोंब आलेलं चायोट

मामाच्या शिलाई मशीनशेजारच्या फळीवर एक चायोट, वेलावर येणारी पेरूएवढी फळभाजी, महिनाभर आडवं पडलं होतं. हिरवं, सुरकुतलेलं, बोळक्या तोंडाचं, आणि त्या तोंडातून बोटभर कोंब बाहेर आलेला! भाचीला हल्लीच स्वयंपाकाची हुक्की आली होती. बटाट्याचा कोंब खुडतात तसा तिने तो खुडला, साल काढली आणि असं झकास सूप केलं की मामाने दोन वाडगे रिचवले.

"काय घातलंस गं यात?"

"ते गुपित आहे!" भाचीची कॉलर ताठ.

हात पुसत मामा फळीकडे गेला आणि थबकला. "अगं, इथलं चायोट कुठंय? आज लावायचं होतं. त्याचं अख्खं फळच पुरावं लागतं. पाणी साचून वेल कुजला, त्यातून एवढं एकच वाचलं होतं."

भाचीने रिकामं पातेलं हळूच झाकलं.

"उंदराने नेलं असणार," मामीने निकाल दिला. "तरी सांगत होते, पिंजरा आणा."

"हो, उंदीरच," भाची बोलून गेली. जिभेला हाड नसतं हेच खरं.

मग साठीचा मामा गुडघे धरून मशीनखाली शिरला. टॉर्च मारली, चिंध्यांचं गाठोडं उपसलं. "निदान कोंब तरी सापडेल गं." बाहेर मांडवावर त्याने सकाळीच नव्या सुतळ्या ताणून बांधल्या होत्या. भाचीला त्याच्या फक्त टाचा दिसत होत्या. तेवढ्याही बघवेनात.

"मामा, बाहेर ये. उंदीर-बिंदीर काही नाही. मीच सूप केलं त्याचं."

मामा बाहेर आला, केसांना दोरे चिकटलेले. "म्हणजे मी प्यायलो?"

"दोन वाडगे."

मामीला हसू फुटलं. मामा हसला नाही. रागावलाही नाही, दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "मागे गल्लीभर चायोटं वाटली होती. कुणी लावलं असलं तर..."

"मी विचारून येते."

"काय सांगशील?"

"झालं तेच."

पहिलं दार नर्सबाईंचं. ते पुरतं उघडायच्या आतच भाची म्हणाली, "मामाचं लावायचं चायोट मी शिजवलं आणि आळ उंदरावर घातला. तुमच्याकडे वेल आहे का?"

"नाही गं बाई, आम्ही सगळी खाल्ली."

भाची पायऱ्या उतरली. पुढच्या दारात पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं.