चौऱ्याहत्तर किलो

हर्षा रविवारी येणार हे कळल्यापासून बाबुलाल मेश्रामांच्या जिवाला थारा नव्हता. लेक पुण्याला एका कारखान्यात, नव्या गाड्या पळवून पाहायच्या कामावर. दोन वर्षांत घरी आली नव्हती. बायको मालनबाई दीड वर्षापूर्वी हैदराबादला मुलाच्या लेकराला सांभाळायला गेली, ती तिथलीच होऊन बसली. अड्याळ गावातल्या चार खोल्यांत उरले बाबुलाल, आणि दारात त्यांची ब्याऐंशी सालची पद्मिनी मोटार.

दुसरा बाप असता तर त्याने घर झाडलं असतं. बाबुलालनी गाडी जॅकवर चढवली.

चिखल्याच्या खाणीत तीस वर्षं त्यांनी ट्रकांची चाकं सरळ केली होती. ओळंबा, सुतळी आणि पट्टी, एवढीच त्यांची हत्यारं. आणि एक हट्ट: रिकाम्या गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. "रिकामी गाडी खोटं बोलते," असं ते म्हणायचे. माणसं बसली की स्प्रिंगा दबतात, चाकांचा कल बदलतो. म्हणून ज्या सीटवर जो बसणार, त्याच्या वजनाएवढा तांदूळ तिथे ठेवायचा आणि मगच माप घ्यायचं. भंडाऱ्यात तांदळाला काय तोटा!

हर्षा अठरा वर्षांची असताना त्यांनी ही गाडी अशीच लावून तिच्या हातात दिली होती. गावच्या तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्याला, तीन वळणं आहेत. तिसऱ्यातून बाहेर पडताना ती ओरडली होती, "बाबा, गाडी हातात बोलून राहिली!" ते वाक्य पुन्हा एकदा तिच्या तोंडून ऐकायचं, एवढीच म्हाताऱ्याची हाव होती. तसा तिचा फोन रोज यायचा. पण 'जेवले का' आणि 'जेवलो' यापुढे बोलायला दोघांनाही काही सुचत नसे.

या वेळी मात्र त्यांनीच फोन केला. "तुझं वजन सांग."

"काहून?"

"सांग ना वं."

ती खळखळून हसली. "अठ्ठावन्न. समजलं मले, कायले पायजे ते."

शेजारचा धनीराम तलावाच्या काठी मासळी विकायचा. त्याच्याकडचा मोठा वजनकाटा अंगणात आला. उजव्या सीटसाठी अठ्ठावन्न किलो तांदूळ मोजून झाला, तेव्हा धनीराम म्हणाला, "मिस्त्री, आता तुमी चढा."

"माझं मले पाठ हाये. चौऱ्याहत्तर."

खाणीतल्या शेवटच्या डॉक्टरी तपासणीच्या कागदावर तेच लिहिलं होतं. धनीरामने त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं पाहिली आणि तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली. मिस्त्रीला वजन शिकवायला तो काही वेडा नव्हता. डाव्या सीटवर पन्नासचं पोतं आणि चोवीसची पिशवी बसली.

दोन दिवस बाबुलाल गाडीखाली होते. पुढची बाजू थोडी खाली घेतली. चाकांची डोकी सूतभर आत झुकवली, म्हणजे भरधाव वळणावरही टायर रस्त्याला पुरा टेकेल. संध्याकाळी चहात दोन टोस्ट बुडवले की जेवण झालं.

रविवारी सकाळी हर्षा बसमधून उतरली. "किती बारीक झाले बाबा!" पोरी घरी आल्या की पहिलं हेच म्हणतात. बाबुलालनी स्वेटरची बटणं लावली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

पाळीवर रस्ता मोकळा होता. तिने गिअर टाकला आणि पहिलं वळण असं घेतलं की त्यांचा ऊर भरून आला. दुसरंही तसंच. तिसरं वळण संपलं, आणि ते कान टवकारून बसले.

सरळ रस्त्याला तिने स्टेअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली. तिने ती कडेला घेतली.

"बाबा, डावीकडे ओढून राहिली."

"शक्यच नाई." त्यांचा चेहरा उतरला. खाली उतरून त्यांनी टायर दाबून पाहिले, हवा बरोबर होती. "चल, बसून पायतो कसं होते ते." ते पुन्हा डाव्या सीटवर बसले. हर्षा डाव्या चाकासमोर उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिली.

"हे चाक वरून बाहेर गेलं. वजन कमी पडून राहिलं इथं. या सीटवर किती ठेवलं होतं?"

"चौऱ्याहत्तर. मी."

तिने मान वर केली आणि काचेतून बापाकडे पाहिलं. मग गाडी वळवली ती थेट धनीरामच्या काट्यापाशी.

"चढा."

"अवं, मासळीचा काटा हाये तो."

"चढा, बाबा."

काट्यावर सत्तावन्न आलं. धनीराम उगाचच जाळं झटकू लागला.

"रोज फोनवर जेवलो म्हणता," हर्षाचा आवाज फाटला. "अन् हे काय?"

बाबुलालनी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "एकट्यासाठी चूल पेटवाची वाटत नाई वं. ताट घेऊन बसलं का तुमी सारे दिसता. घास उतरत नाई." मग घाईघाईने म्हणाले, "ते जाऊ दे. सतरा किलो तांदूळ काढतो अन् पुन्हा लावतो. सांजेपर्यंत सरळ होते गाडी."

"पाना हाती घ्याचा नाई." तिने डोळे पुसले. "सेटिंग चौऱ्याहत्तरवरच राहीन. तो तांदूळ घरात घ्या अन् खा. दोन महिन्यानं मी येते. तवा गाडी सरळ चालली पायजे."

चार दिवस तिने रांधलं, दोघं एका ताटाशी बसले. बुधवारी तिला बसमध्ये बसवून बाबुलाल एकटेच निघाले. शेजारची सीट मोकळी, गाडी पार डावीकडे ओढत होती. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी हात सोडला नाही. दोन्ही हातांनी तिला सरळ धरून घरी आणलं, चूल पेटवली आणि पोत्याची शिवण उसवली.