आठ किलो इंद्रायणी

कामशेतच्या भातगिरणीत मी पस्तीस वर्षं पोती उचलली. पन्नास किलोचं पोतं माझ्या हातून एकदाही निसटलं नाही, आणि ही गोष्ट मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्यामुळे माझी लेक सविता नातीसाठी गाडीत बसवायची खुर्ची घेऊन आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. आजोबाचे एवढे हात असताना पोरीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बांधायचं?

नात आठ महिन्यांची. नाव मोठं देखणं ठेवलंय, पण घरात सगळे तिला ठकीच म्हणतात. रविवारी बेडशाला, माझ्या बायकोच्या भावाकडे जेवायला जायचं होतं. नंदाबाईचं सगळं माहेर ठकीला पहिल्यांदाच बघणार होतं. गाडी सविताची, चालवणारही तीच.

"ठकी माज्या मांडीवर बसंल," मी सांगून टाकलं.

"खुर्चीत बसेल, आबा."

पोरगी हट्टी. कुणावर गेलीय ते नंदाबाई रोज सांगते. मळवलीच्या एका बंगलेवाल्यांनी त्यांच्या मुलाची जुनी खुर्ची फुकट देऊ केली होती. ती खुर्ची कधी अपघातात सापडली होती का, हे कुणालाच नक्की सांगता येईना, म्हणून सविताने ती घेतली नाही. ठकीचं वजन केलं, उंची मोजली आणि तिच्या मापाची नवी आणली. ती मागच्या सीटवर लावायची, आणि पोरीला बसवायचं पाठमोरं.

त्यावर नंदाबाई उसळली. "तोंड मागं? माजी ठकी काय सीटकडं बघत बसणार व्हय?"

"तिची मान अजून नाजूक आहे, आई. गाडी अचानक थांबली तर झटका मानेवर नको. सगळा भार खुर्चीने पाठीकडून घ्यावा."

मी काही ऐकत नव्हतो. शनिवारी सविता मला गिरणीत घेऊन गेली. आवार मोकळं होतं. तिने काट्यावर बरोबर आठ किलो इंद्रायणी तांदूळ मोजला, ठकीच्या दुपट्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "ही ठकी. सोडायची नाही. मी ब्रेक कधी दाबणार ते मात्र सांगणार नाही."

गाठोडं मांडीवर घेऊन, पट्टा लावून मी मागे बसलो. आठ किलो म्हणजे माझ्या लेखी काहीच नाही. गाडी सायकलच्या वेगाने निघाली. गिरणीच्या दारातून माझा जुना सोबती नथू ओरडला, "रामराम आबा!" आता कामशेतात कुणी रामराम घातला आणि माझा हात वर गेला नाही, असं आजवर घडलेलं नाही. हात वर गेला, सविताने ब्रेक दाबला, आणि गाठोडं मांडीवरून उडून पुढच्या सीटवर आपटलं. गाठ सुटली. तांदूळ गाडीभर झाला.

"नथ्यानं घात केला," मी म्हणालो. "न्हाईतर धरलं असतं."

"आबा, रस्त्यावर कुणी सांगून येतं का?" सविता मागे वळली. "आणि हा नुसता ब्रेक होता. पन्नासच्या वेगाने धडक बसली, तर तेवढ्या क्षणापुरते या आठ किलोचे दोनशेच्या वर होतात. चार-पाच पोती. धराल?"

एक पोतं पाठीवर घेणं काय असतं ते मला ठाऊक आहे. थप्पी कोसळून पाच पोती एकदम अंगावर आलेला माणूसही मी पाहिलाय. पायाशी सांडलेल्या तांदळाकडे बघून माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा ठकीत एवढा भार दडलेला असतो आणि आपण तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणत जातो. देवा रे.

रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. नंदाबाईने ठकीला टोपडं घातलं, जाड गोधडीत छान गुंडाळलं, खुर्चीत ठेवलं आणि वरून पट्टे लावून टाकले. सविता गाडीला वळसा घालून येईपर्यंत मी पट्ट्याखाली बोट घातलं. बोट सरळ गोधडीत रुतलं. ट्रकवर पोती लादताना ढिल्या ताडपत्रीवरून दोर आवळला, तर पहिल्याच वळणावर ताडपत्री दबते आणि दोर लोंबायला लागतो. इथेही तेच.

"गोदडी काढ," मी म्हणालो.

"अवो, पोर गारठंल!"

"गोदडी पट्ट्याच्या वरनं घाल. आत न्हाई."

सविताने ठकीला सोडवलं आणि गोधडीशिवाय बसवलं. पट्टे असे आवळले की खांद्यावर चिमटीत पट्टा धरता येईना. खुर्ची धरून हलवून बघितली, जागची हलेना. गोधडी वरून पांघरली. नंदाबाई पुढे बसली, मी ठकीच्या शेजारी. ठकीने माझं बोट धरलं आणि थोड्या वेळात झोपून गेली.

बेडशाच्या अलीकडे एका वळणावर कापलेल्या भातखाचरातून म्हैस थेट रस्त्यावर आली. सविताने जीव खाऊन ब्रेक मारला. टायर किंचाळले. नंदाबाई ओरडली. माझा पट्टा छातीत रुतला. गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली.

ठकीची पाठ, मान, डोकं, सगळं खुर्चीने ओंजळीत घेतल्यासारखं धरलं होतं. तिने एकदा डोळे उघडले, ओठ चोखले आणि डोळे पुन्हा मिटले. आणि त्यानंतर, सगळं होऊन गेल्यावर, मला दिसलं की माझे दोन्ही हात तिच्याकडे निघालेत. अजून पोचले नव्हते.

"आबा, ठकी?" सविताला मागे वळायचा धीर होत नव्हता.

"झोपलीय," मी म्हणालो. "मी न्हाई धरली, सविता. माजं हात पोचलंच न्हाईत."

मग ते अर्ध्या वाटेवरचे हात मी तसेच जोडले, त्या खुर्चीला. एरवी नंदाबाई हसली असती. तिनेही जोडले.